खरडलेल्या जमिनीचा हिशेब

महसूल खात्याच्या भाषेत काही शब्द असे आहेत, की ते कागदावर रुक्ष दिसतात. पण त्यांच्यामागे एका कुटुंबाचा संबंध संसार उघडा पडलेला असतो. 'खरडून गेलेली जमीन' हा त्यांतला एक. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात धाराशिव जिल्ह्याच्या भूम, परंडा, वाशी आणि कळंब या तालुक्यांत जी अतिवृष्टी झाली, तिच्यात सीना नदीने काठ सोडला, ओढेनाले शेतांतून धावले, आणि पाणी ओसरल्यावर अनेक शिवारांत पिकाबरोबर पिकाखालची मातीही जाग्यावर राहिलेली नव्हती. सोयाबीन गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. ज्या जमिनीत पेरायचे तीच गेली, तर पेरायचे कशात, हा प्रश्न पंचनाम्याच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मदत जाहीर केली, तेव्हा अशा जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे असा तिचा आकार होता. ही रक्कम तुटपुंजी की पुरेशी, यावर त्या वेळी बराच वाद झाला. परंतु त्या वादात एक मूलभूत गोष्ट बाजूला पडली. माती एका रात्री वाहून जाते ही समजूतच मुळात अपुरी आहे. त्या रात्री जे घडले ते एका दीर्घ व्यवहाराचे शेवटचे पान होते. आधीची पाने वर्षानुवर्षे, मुकाट्याने, दर पावसाळ्यात उलटली जात होती. आणि ती उलटताना पंचनामा करायला कोणी आले नव्हते.

उताराचा कायदा

धाराशिव जिल्हा हा बालाघाटच्या डोंगररांगेने घडवलेला मुलूख आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले, आणि त्या काळ्या पाषाणातून पुढे हे पठार कोरले गेले. या खडकाला भूशास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. तुळजापूरच्या परिसरातील डोंगर दुरून पाहिले, तर हे नाव किती सार्थ आहे ते ध्यानात येते. लाव्ह्याचा कठीण थर कड्यासारखा उभा राहतो, त्याखालचा सच्छिद्र, ठिसूळ थर झिजतो, आणि आधार सुटला की वरचा कडा कोसळतो. धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील प्राचीन लेण्यांपैकी काहींच्या दर्शनी भागांची जी पडझड झाली आहे, तिच्याकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. माणसाने कोरलेला खांब असो की निसर्गाने कोरलेला कडा, वजन पेलणारे खालचे अंग दुबळे झाले, की वरचे खाली येणारच.

बालाघाटचा माथा हा मोठा जलविभाजक आहे. त्याच्या एका अंगाला पडलेला थेंब सीनेत किंवा नळदुर्गच्या बोरीत उतरतो, पुढे भीमेत आणि कृष्णेत जातो. दुसऱ्या अंगाचा थेंब तेरणेतून मांजरेला मिळतो आणि मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीत विसर्जित होते. वाटा दोन असल्या तरी शेवट एकच, बंगालचा उपसागर. आंध्रच्या किनाऱ्यावर कृष्णा आणि गोदावरी यांनी रचलेले जे सुपीक त्रिभुज प्रदेश आहेत, त्यांत बालाघाटच्या उतारांवरून गेलेल्या मातीचाही वाटा आहे. निसर्गाच्या हिशेबात यात नुकसान कोणाचेच नाही. नुकसान आहे ते ज्याचा सातबारा माथ्यावर आहे त्याचे.

माती खाली जाते ती तीन प्रकारांनी, आणि त्यांतला पहिला प्रकार डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. वळवाच्या पावसाचा चार-पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. उघड्या, नांगरलेल्या रानावर असा प्रत्येक थेंब एक लहानसा सुरुंगच असतो. मातीचे कण उसळतात, आणि जमीन उतरती असल्यामुळे वरच्या बाजूस उडालेल्या कणापेक्षा खालच्या बाजूस उडालेला कण अधिक लांब पडतो. लक्षावधी थेंबांच्या या उसळीची बेरीज नेहमी उताराच्याच बाजूने झुकते. शिवाय फुटलेले बारीक कण जमिनीची रंध्रे लिंपून टाकतात, पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. इथून दुसरा प्रकार सुरू होतो. सबंध शेतावरून पाण्याचा पातळ पदर सरकतो आणि मातीची साल काढून नेतो; मग त्या पदराचे ओहोळ होतात, ओहोळांच्या ओघळी आणि ओघळींच्या घळी. कृषी खात्याच्या पुस्तिकांतून यांना सालकाढी, ओघळपाडी आणि घळपाडी धूप अशी समर्पक नावे दिलेली आहेत. शेतकऱ्याला चिंता वाटते ती घळीची, कारण ती दिसते. प्रत्यक्षात त्याच्या शेताचे सत्त्व नेते ती सालकाढी धूप, कारण सेंद्रिय अंश आणि खत याच वरच्या पदरात असते.

पाण्याचा वेग वाढला की त्याची ताकद किती वाढते, याचे उत्तर केंब्रिजचे गणितज्ञ विल्यम हॉपकिन्स यांनी १८४४ साली दिले होते. वेग दुप्पट झाला, तर पाणी जो मोठ्यात मोठा धोंडा हलवू शकते त्याचे वजन दुप्पट नव्हे, चौपटही नव्हे, तब्बल चौसष्ट पट होते. एरवी गुडघाभर पाण्याचा ओढा एका रात्री शेतात धोंडे कसे आणून टाकतो, या कोड्याचा उलगडा या एका गणितात आहे. आणि धूप रोखण्याची सगळी विद्याही त्यातच आहे. पाणी अडवणे हा तिचा अर्धाच भाग. पाण्याचा वेग मोडणे हा खरा भाग. वेग निम्मा करता आला, तर त्याची धोंडे हलवण्याची शक्ती चौसष्टाव्या हिश्शावर येते.

काळीचा स्वभाव

तिसरा प्रकार पाण्याच्या धारेविना चालतो. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात रानाला पडणाऱ्या भेगा हे त्याचेच दृश्य रूप. उतारावरची माती फुगते तेव्हा ती उताराला काटकोनात वर उचलली जाते; पण आकसून बसते तेव्हा गुरुत्वाकर्षण तिला सरळ खाली ओढते. जिथून उठली तिथे ती परत येत नाही, केसभर खाली येते. दर वर्षी केसभर, पण खळ न पडता. काळ्या रानातले विजेचे खांब आणि कुंपणाचे दगड हळूहळू कलतात, त्यामागे मातीच्या या मूक हालचालीचाही हात असतो.

म्हणूनच कोणत्याही शिवारात माथ्यावर माळ आणि बरड, मध्ये मध्यम जमीन आणि नदीकाठी पुरुषभर खोलीची काळी, अशी रचना दिसते. तळची काळी ही माथ्याच्या झिजेवरच श्रीमंत झालेली असते. जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊक होते. ओढ्याच्या वाटेत दगडांची ताल घालून वरून येणारा गाळ अडवायचा आणि त्या गाळावर नवे रान तयार करायचे, ही कला त्यांनी कोणत्याही विद्यापीठातून शिकलेली नव्हती. ज्या मुलखात तेरसारखे प्राचीन नगर तेरणेच्या काठी उभे राहिले, पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात 'तगर' म्हणून गाजले, आणि ज्या तेरमध्ये पुढे गोरोबाकाकांसारखा मातीशी आयुष्यभर नाते सांगणारा कुंभार संत झाला, त्या मुलखाला मातीची किंमत कोणी नव्याने शिकवायला नको होती.

तथापि एक अडचण जुन्या पद्धतीतही होती. खोल काळ्या रानात खरीप न घेता पावसाळाभर ते मोकळे ठेवायचे आणि नंतर रब्बीची ज्वारी पेरायची, ही या भागातील रूढ पद्धत. ओल साठवण्याच्या दृष्टीने ती शहाणपणाची होती. पण पावसाचा मारा सर्वांत तीव्र असतो नेमक्या त्याच महिन्यांत रान उघडे राही. आता खरिपात सोयाबीन आले. पानांचे छत्र मिळाले खरे, परंतु ते येईपर्यंत मृगाचे पहिले पाऊस उघड्या रानावरच पडतात. पीक कोणते घ्यावे हे बाजार ठरवतो. पण रान किती दिवस उघडे राहिले याची नोंद धूप ठेवत असते.

माळवदाची माती

उंचावर ठेवलेली माती ही उधारीवर ठेवलेली माती असते, याचा सर्वांत भीषण प्रत्यय या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घेतला. त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर यांच्या परिसरातील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. माणसे मारली ती घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि तुळयांवर मातीचे माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी त्यावर पांढऱ्या मातीची नवी भर पडे, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या भरीने तो थर काही घरांत दोन-दोन फुटांपर्यंत पोहोचलेला असे. दोन फूट माती म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला जवळजवळ एक टन भार. उन्हाळ्यात गारवा देणारे ते छप्पर त्या पहाटे झोपलेल्यांवर उतरले.

त्या आपत्तीतून जो धडा घेतला गेला तो बांधकामाचा होता, आणि तो योग्यच होता. परंतु गुरुत्वाकर्षण घराच्या छपरावर जो नियम चालवते, तोच ते शेताच्या माथ्यावर चालवते. छपराला आधार भिंतीचा. माथ्यावरच्या मातीला आधार गवताच्या मुळांचा, बांधाचा आणि झाडाचा. घराचा आधार तुटला की क्षणात कळते, रानाचा तुटला की कळायला दोन पिढ्या जातात, एवढाच काय तो फरक. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळीये आणि २०२३ साली इर्शाळवाडी येथे दरडी कोसळल्या, तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. मराठवाड्याच्या मंद उतारांवर दरड कोसळत नाही. तिथे तीच दरड पदर-पदराने, शंभर वर्षांत कोसळते. तिच्यासाठी हळहळणार कोण?

पायथ्याची कामे, माथ्याचा विसर

धूप रोखण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई प्रांतात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात समपातळी बांध पडू लागले. त्या वेळी उस्मानाबाद या नावाने ओळखला जाणारा हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तो कायदा इकडे लागू नव्हता. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना काम देण्यासाठी पाझर तलाव, नाला बंडिंग, बांधबंदिस्ती ही कामे निघाली, आणि त्या अनुभवातूनच १९७७ चा रोजगार हमी कायदा जन्मला. परंतु दुष्काळी कामाचा हेतू आधी मजुरी देणे हा होता, आणि तो तसा असणे माणुसकीचेच होते. बांध कुठे, कसा, कोणत्या मातीत घालायचा हा प्रश्न मागे पडला. खोल काळ्या रानात मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. फुटलेला बांध नसलेल्या बांधाहून वाईट, कारण दहा शेतांचे तुंबलेले पाणी तो एकाच ठिकाणी मोकळे सोडतो.

१९८३ पासून पाणलोट क्षेत्र हा शब्द शासनाच्या कोशात आला आणि 'माथा ते पायथा' हे सूत्र रूढ झाले. सूत्र निर्दोष आहे. आधी डोंगरमाथ्यावर चर आणि गवत, मग उतारावर बांध, मग ओघळींत दगडी अडथळे, आणि सर्वांत शेवटी नाल्यावरचा बंधारा. परंतु माथ्याचे काम हाताचे, विखुरलेले आणि नजरेत न भरणारे असते. पायथ्याचे काम यंत्राचे, एका जागी आणि छायाचित्रात शोभणारे. २०१४ च्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले, तेव्हा नाल्यांच्या खोलीकरणाला आणि रुंदीकरणाला जे उधाण आले, ते यामुळेच. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० साली विधिमंडळापुढे आलेल्या अहवालात या अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात अल्पच यश आल्याचा ठपका ठेवला. माथ्यावरची माती जोवर सुटी आहे, तोवर पायथ्याचा प्रत्येक खड्डा हा गाळ साठवण्याचा हौद ठरतो, हे त्यामागचे एक साधे कारण आहे.

गाळाचा प्रश्न किती मोठा आहे, हे ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडलेल्या अंदाजावरून कळते. देशात दर वर्षी सरासरी हेक्टरी १६.३५ टन माती जागा सोडते. हेक्टरवरचा एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे साधारण तेरा टन. तेव्हा सोळा टन हा कागदाच्या काही पदरांएवढाच थर झाला. शेतकऱ्याच्या डोळ्याला तो कळणे अशक्यच. पण त्याच शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे या मातीचा दहावा हिस्सा धरणांत बसतो, २९ टक्के समुद्रात जातो आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी हलते. तेरणा आणि मांजरा यांच्या खोऱ्यांत बांधलेल्या धरणांना हा नियम चुकत नाही.

धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना २०१७ साली आली. ती उपयुक्तच आहे. परंतु तिच्या अर्थशास्त्राकडे जरा पाहावे. एका हेक्टरवर दहा सेंटीमीटरचा थर द्यायचा, तर एक हजार घनमीटर, म्हणजे सुमारे साडेतीनशे ब्रास माती लागते. खरडलेल्या जमिनीसाठी जाहीर झालेली रोख रक्कम आणि रोजगार हमीची कमाल रक्कम एकत्र धरली, तरी ब्राससाठी हजार रुपयेही पडत नाहीत. आणि त्यात खोदाई, भराई, वाहतूक आणि पसरणी हे सगळे आले. जी माती उताराने फुकट खाली नेली, ती वर नेताना प्रत्येक ट्रॉलीला डिझेल जाळावे लागते. दहा सेंटीमीटरचीच ही कथा. ज्या रानात खाली मुरूम उघडा पडला, तिथे एवढ्याने भागणार नाही.

वाटण्या आणि बांध

यात दोष केवळ शासनाचा आहे असे मानणे सोयीचे असले, तरी खरे नाही. भावाभावांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला माथ्याची बरड आणि तळची काळी यांचा सारखा हिस्सा मिळावा, म्हणून जमिनीच्या उभ्या पट्ट्या पाडल्या जातात. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच. पण अशा अरुंद उभ्या पट्टीत औत आडवे फिरत नाही, ट्रॅक्टर तर नाहीच. नांगरट उताराच्या दिशेने होते आणि प्रत्येक तास हा पाण्याला घालून दिलेला पाट ठरतो. दोन भावांमधील न्याय असा जमिनीवरील अन्याय बनतो. त्यातच हातभर रानासाठी बांध कोरण्याची वृत्ती. बांधावरच्या बाभळी, लिंब, मारवेलीचे गवत यांना कधीकाळी मान होता. आज बांध म्हणजे कोर्टकचेरीचे कारण तेवढे उरले आहे. आणि समपातळीचा बांध घालायचा, तर तो या उभ्या पट्ट्यांना छेदूनच जाणार. पाच शेजाऱ्यांनी एकत्र बसल्याखेरीज तो पडू शकत नाही. उतार सातबारा ओळखत नाही. म्हणून उतारावरचा उपाय एकट्याचा असूच शकत नाही.

या जिल्ह्याने पाण्याशी शहाणपणाने वागण्याचा एक नमुना चार शतके जपून ठेवला आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात जो दगडी बंधारा बांधला, त्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि पुराचे पाणी नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून प्रपाताच्या रूपाने खाली पडते. पर्यटक ते सौंदर्य पाहायला पावसाळ्यात गर्दी करतात. परंतु त्या सौंदर्याचे रहस्य स्थापत्याच्या एका साध्या विवेकात आहे: पाणी अडवणाऱ्याने ते कुठून आणि कसे जाईल हे आधी ठरवले पाहिजे. बांधाला सांडवा नसेल, तर पाणी तो स्वतःच्या हाताने काढते.

तेव्हा खरडलेल्या जमिनीला मदत द्यावी हे निर्विवाद, आणि ती वेळेवर द्यावी हेही. पण ती देताना ज्या शिवारात माती गेली, त्या शिवाराच्या माथ्यावर काय उरले आहे, याचीही पाहणी त्याच पंचनाम्यात झाली पाहिजे. गायरानावर गवत आहे की नाही, बांध शाबूत आहेत की कोरलेले, ओढ्याच्या पात्रात अतिक्रमण आहे की मोकळी वाट, खोलीकरणात निघालेला मुरूम काठावरच ढीग करून ठेवला होता की हलवला होता, या गोष्टी तलाठी आणि कृषी सहायक एका दिवसात लिहून देऊ शकतात. मदतीचा एक निश्चित हिस्सा त्याच पाणलोटाच्या माथ्यासाठी राखून ठेवला, आणि गावाने आडव्या मशागतीवर व बांधांवर एकमत केले, तरच तळच्या रानात टाकलेली नवी माती तिथे टिकेल. नाहीतर साडेतीनशे ब्रास माती वर नेण्याचे पैसे शासन देईल, आणि ती पुन्हा खाली नेण्याचे काम उतार विनामूल्य करील.

एक इंच माती घडायला शेकडो वर्षे लागतात. एखाद्या सरकारचा कार्यकाळ पाच वर्षांचा, पिकाचा हंगाम चार महिन्यांचा आणि पंचनाम्याची मुदत काही दिवसांची. या तीन मोजमापांत अडकलेल्या माणसाने शेकडो वर्षांचा व्यवहार सांभाळायचा आहे. तो सांभाळण्याची सुरुवात पुराच्या दुसऱ्या दिवशी करून भागणार नाही. ती पावसाळ्यापूर्वी, शिवाराच्या माथ्यावर जाऊनच केली पाहिजे.